सुपारीच्या जागी आई

निवृत्ती भोये यांच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या बरोबर वर, त्यांचे कैलासवासी वडील नाथा भोये यांचे छायाचित्र होते. आणि त्या छायाचित्राच्या शेजारी, वर्षातून एकच दिवस, फळीवर थोडे तांदूळ पसरून एका सुपारीची स्थापना होत असे. ती सुपारी म्हणजे निवृत्तीरावांच्या मातोश्री धोंडाबाई.

यात हसण्यासारखे काही नाही. जे माणूस हजर नाही त्याच्या जागी सुपारी मांडावी, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. बायको हयात नसली म्हणजे कमरेला सुपारी खोचून पूजेला बसणारे गृहस्थ आपण पाहिलेले आहेत, आणि त्यांना कोणी हसत नाही. धोंडाबाईंची गैरहजेरी मात्र बावन्न वर्षांची होती, आणि हयातीत त्यांचे एकही छायाचित्र कोणी काढले नव्हते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या स्त्रीची आठवण पितृपक्षातील अविधवा नवमीला करतात. सुरगाण्याच्या डोंगरात, भोयांच्या मूळ गावी, या तिथीचे प्रस्थ नव्हते. नाशिकला पेठ रोडवरच्या कॉलनीत राहायला आल्यावर निवृत्तीरावांच्या पत्नी ललिताबाई यांनी ती तिथी शेजारणींकडून घेतली आणि सुपारीही शेजारणींनीच सुचविली. पुढे त्यांची कन्या तेजल बालवाडीत गेली तेव्हा बाईंनी विचारले, "तुझी आजी कशी आहे गं?" तेव्हा तेजलने "गोल" असे उत्तर दिले. त्यावरून आईवडिलांना शाळेत बोलावून घेण्यात आले होते. तो अपमान निवृत्तीरावांनी गिळला. परंतु पचला नाही.

वडिलांचे छायाचित्र होते ते सरकारी कृपेने. नाथा भोये देवळाली कॅम्पात एका बंगल्यावर माळी होते, आणि फाटकातून आत जाण्याच्या पाससाठी त्यांना छातीशी क्रमांकाची पाटी धरून उभे करण्यात आले होते. निवृत्तीरावांनी ती पाटी पुढे ब्लेडने कापून टाकली व वरचा भाग मोठा करून घेतला. हे काम त्यांच्या हातचे होते. सव्वीस वर्षे त्यांनी एका छापखान्यात पेस्टिंग केले होते. ज्या काळी संगणक नव्हता त्या काळी मजकुराचे आणि चित्रांचे कागद कापून, गोंद लावून, पट्टीने सरळ करून पान उभे करावे लागे. एकदा एका उमेदवाराच्या पत्रकासाठी हात जोडलेले छायाचित्र मिळेना, तेव्हा निवृत्तीरावांनी त्याचा एकच हात दोनदा छापवून, एक उलटा करून, नमस्कार सिद्ध केला होता. दोन्ही हातांत सारख्याच अंगठ्या आल्या. परंतु मतदारांनी त्याकडे दुर्लक्ष केले आणि उमेदवार निवडून आला. इयत्ता आठवीपर्यंतच शिक्षण झालेल्या मनुष्याला यापेक्षा मोठा मान कोणता असणार?

म्हणूनच श्रावण सरता सरता तेजल पुण्याहून चार दिवस आली आणि आपल्या कंपनीच्या समारंभासाठी लॅपटॉपवर दहा छायाचित्रे कापून एक चित्र करीत बसली, तेव्हा निवृत्तीराव तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "हे तर आमचे पेस्टिंगच की!"

"कोलाज म्हणतात पप्पा."

"नाव काहीही ठेव. गोंद कुठे लावतेस?"

तेजलने त्यांना लेयर म्हणजे काय ते समजावले. एकावर एक पारदर्शक कागद असतात, हवा तो झाकावा, हवा तो उघडावा, चुकले तर मागे जावे. मागे जाता येते हे ऐकून निवृत्तीरावांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली. छापखान्यात ती सोय नव्हती. मग त्यांनी अगदी सहज विचारल्याचा आव आणून विचारले, "यात माणूस करता येतो का? म्हणजे, फोटो नसलेला?"

तेजल आपला जुना लॅपटॉप त्यांना देऊन पुण्याला परत गेली, आणि निवृत्तीरावांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अविधवा नवमीभोवती लाल शाईने वर्तुळ काढले. बावीस दिवस होते. यंदा फळीवर सुपारी येणार नाही, आई येईल, असे त्यांनी ललिताबाईंना जाहीर केले. ललिताबाई चकल्यांची भाजणी चाळत होत्या. त्या म्हणाल्या, "आणा. पण त्यांना विचारून आणा."

एक गोष्ट त्यांनी जाहीर केली नाही. ती ते स्वतःशीदेखील मोठ्याने बोलत नसत. आई गेली तेव्हा निवृत्तीराव दहा वर्षांचे होते, आणि तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. आवाज थोडा आठवे. बोलण्यातला "रं" आठवे. चेहऱ्याच्या जागी मात्र कोणीतरी बोटाने पुसल्यासारखा डाग होता. लोक विचारीत, "आई कशी होती हो दिसायला?" तेव्हा ते म्हणत, "साक्षात करुणा!" आणि विषय बदलीत.

प्रथम त्यांनी कुटुंबातील अवयवांची जमवाजमव सुरू केली. थोरले बंधू काळू गावी भात आणि नागली करीत; त्यांना फोन लावला.

"नाक माझंच हाय," काळूदादा तिकडून ओरडले, कारण डोंगरात फोनवर ओरडावेच लागते. "आईचं नाक माझ्याकंच आलंय. तुझं बापावर गेलंय. तुला कोन नाक मागनार?"

दुसऱ्या दिवशी नाकाचे छायाचित्र आले. काळूदादांनी ते स्वतःच हात लांब करून काढले असल्यामुळे अर्ध्या चित्रात नाक होते आणि उरलेल्या अर्ध्यात शेळी. निवृत्तीरावांनी शेळी कापली. कापलेली शेळी मात्र त्यांनी फेकली नाही. छापखान्यातील मुकादमांची शिकवण होती की, कात्रण कधी फेकू नये, पान चुकले म्हणजे कात्रणच उपयोगी पडते. त्यांनी लॅपटॉपवर 'कात्रणे' नावाचे एक फोल्डर उघडले आणि शेळी त्यात ठेवली.

हनुवटी तेजलची घेतली. राहिले डोळे, कपाळ, गाल आणि लुगडे. हे शोधण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागणार होते. बहात्तरच्या दुष्काळात आई सिन्नरच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. त्या दुष्काळी कामांची छायाचित्रे गोदातीर इतिहास संग्रह नावाच्या एका संस्थेने जपून ठेवली आहेत, असे समजल्यावर निवृत्तीराव इस्त्रीचा सदरा घालून तेथे गेले.

तेथील अर्जाचा नमुना पाहून मात्र ते खचले. 'छायाचित्रातील व्यक्तीशी अर्जदाराचे नाते' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरांत 'पुत्र' असे लिहिले. खाली 'नात्याचा पुरावा' होता. त्याच्याही खाली अट होती की, शोध घ्यावयाच्या व्यक्तीचे एक स्पष्ट छायाचित्र ओळख पटविण्यासाठी सोबत जोडावे.

"बाईसाहेब," निवृत्तीराव खिडकीतून नम्रतेने म्हणाले, "आमच्याजवळ ते असते तर आम्ही येथे आलो असतो का?"

खिडकीत योगिनी नावाच्या मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, निवृत्तीरावांकडे पाहिले, पुन्हा अर्ज वाचला. "काका, नमुना असाच आहे. छायाचित्र नसेल तर 'नाही' असं लिहून चालत नाही. काहीतरी जोडावं लागतं."

निवृत्तीरावांनी पुष्कळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सुपारीचे छायाचित्र जोडले.

योगिनीबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. त्यांनी ते परत करावे, हसावे किंवा वरिष्ठांना बोलवावे, या तिन्हींची तयारी निवृत्तीरावांनी ठेवली होती. त्यांनी फक्त ते अर्जाला टाचले, शिक्का मारला आणि विचारले, "वय किती होतं त्यांचं?"

"बत्तीस. किंवा तेहेतीस."

"एकशे चाळीस फोटो आहेत दुष्काळी कामांचे. पेनड्राइव्हवर देते. पण काका, फार आशा ठेवू नका. बहुतेक बायका पाठमोऱ्या आहेत. काढणारा कामाचा फोटो काढत होता, माणसांचा नाही."

"पाठमोऱ्या बायकांचा आम्हांस काय उपयोग?" निवृत्तीराव म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना कैक वेळा आठवले.

आता कॉलनीत काही करायचे म्हणजे सल्ला आलाच. शेजारचे रावजी आहेर हे आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ असून, कोणाच्याही घरात चालू असलेले काम पाहिले की त्यांना आपोआप खुर्ची लागे. ते रोज चहाच्या वेळी येऊन लॅपटॉपसमोर बसू लागले.

"कपाळ रुंद घ्या, भोये. रुंद कपाळाची बाई फ्रेममध्ये शोभते."

"आमच्यात सगळ्यांची कपाळं दोन बोटांची आहेत," ललिताबाई आतून म्हणाल्या. "सासूबाईंनाच कुठून रुंद आणायचं?"

"वहिनी, फोटो पाहुण्यांसाठी असतो."

निवृत्तीराव मात्र कोणाचेच ऐकत नसत. ते संग्रहातील एकेका स्त्रीचे डोळे घेत, आईच्या जागी ठेवत, दूर जाऊन पाहत आणि मान हलवीत. एका बाईचे डोळे फार तीक्ष्ण होते. दुसरीचे घाबरलेले होते. मग पाचव्या दिवशी एका पुसट छायाचित्रातून, पाण्याच्या टँकरशेजारी बसलेल्या एका स्त्रीचे डोळे त्यांनी उचलले आणि जागेवर ठेवले, तेव्हा ते दूर जाऊन पाहायचेही विसरले. हेच! असे त्यांना वाटले. गालांच्या बाबतीतही तसेच झाले. कोणते गाल हवेत हे त्यांना सांगता येत नव्हते. परंतु योग्य गाल दिसताच आत कोणीतरी होकार देत होते. पुसलेल्या डागावर हळूहळू आकार उमटत होता, आणि निवृत्तीराव त्या दिवसांत जेवताना स्वतःशी हसत.

एक अडचण उरली. चेहरा तयार झाला, पण तो होता बत्तीस वर्षांच्या बाईचा. निवृत्तीराव बासष्ट वर्षांचे. खुद्द तेजल तेहेतीस वर्षांची. भिंतीवर वडिलांच्या शेजारी आपल्या मुलीच्या वयाची आई लावायची आणि तिला वाकून नमस्कार करायचा, हे त्यांना कसेसेच वाटू लागले. आई ही मुलापेक्षा मोठीच असली पाहिजे. हा तर सृष्टीचा नियम आहे. तेव्हा त्यांनी पुत्राच्या अधिकारात मातोश्रींचे केस पिकवले, गाल किंचित बसवले, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत, संग्रहातील एका वृद्धेच्या चेहऱ्यावरून उचलून, सुरकुत्यांचे जाळे बसविले. प्रत्येक सुरकुतीगणिक चेहरा अधिकाधिक ओळखीचा होत गेला. शेवटची सुरकुती बसल्यावर निवृत्तीरावांचे डोळे भरून आले. ते ललिताबाईंना हाक मारणार होते. पण आधी चार तटस्थ लोकांचे मत घ्यावे, अशी बुद्धी त्यांना रावजींनी दिली.

"कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. आणि खाली काही लिहू नका. लिहिलं की लोक भिडेखातर चांगलं म्हणतात. नुसता फोटो टाका आणि बघा काय म्हणतात ते. आणि हो, हार घाला. हाराशिवाय अर्धवट दिसतं."

त्याप्रमाणे निवृत्तीरावांनी झेंडूचा एक हार कापून चिकटविला, खाली समई ठेवली आणि सकाळी साडेदहा वाजता ते चित्र, एक अक्षरही न लिहिता, गटावर पाठविले.

चारच मिनिटांत पहिले उत्तर आले. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग दुसरे. 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' पाहता पाहता सदतीस जणांनी हात जोडले. निवृत्तीराव एकेक उत्तर दोनदोनदा वाचत होते. बावन्न वर्षांत ज्या माउलीची कोणी विचारपूस केली नाही, तिच्यासाठी आज अख्खी कॉलनी हळहळत होती! एकाने तर लिहिले की, 'परवाच त्यांनी मला वालाच्या शेंगा दिल्या होत्या.' हे वाचून ते किंचित बुचकळ्यात पडले. परंतु शोकाच्या भरात माणूस काहीही लिहितो.

मग कोणीतरी विचारले, 'किती वाजता?'

निवृत्तीरावांनी उत्तर दिले, 'नवमीला.'

'नवमीला? अजून अकरा दिवस आहेत! तोपर्यंत ठेवणार कुठे?'

'हॉलमध्येच. टीव्हीच्या वर.'

यानंतर गटावर काही काळ कोणी काही लिहिले नाही.

समोरच्या घराच्या ओट्यावर मात्र हालचाल सुरू झाली होती. तेथे भागीबाई राहत. वय पंचाहत्तरच्या पुढे, पेठकडची बाई, गेली अठरा वर्षे त्या रोज सकाळी या ओट्यावर बसून काही ना काही निवडत असत. त्या दिवशीही त्या वाल निवडत होत्या. तेवढ्यात कॉलनीतील पाचसहा बायका डोळ्यांना पदर लावून फाटकातून आत आल्या आणि भागीबाईंना पाहून जागच्या जागी थिजल्या.

"काय झालं गं? कोन गेलं?" भागीबाईंनी विचारले.

कोणालाच सांगवेना. उत्तर मिळत नाही म्हणजे प्रसंग फारच वाईट असणार, असे समजून भागीबाईंनी सूप बाजूला ठेवले आणि त्याही रडू लागल्या. त्या रडू लागल्यावर बायकांनाही आवरेना. मागाहून दोघे पुरुष बांबू घेऊन आले, रावजी आहेर गर्दी पाहून, कारण न विचारताच, टोपी काढून आले, आणि अर्धी कॉलनी ओट्याभोवती जमली. भागीबाई मधोमध बसून सर्वांत मोठ्याने रडत होत्या, आणि अधूनमधून विचारीत होत्या, "पर सांगा तरी, कोन?"

त्यांचा मुलगा धनराज टेम्पो चालवीत असे. तो त्या वेळी लासलगावच्या बाजार समितीत कांद्याने भरलेला टेम्पो घेऊन लिलावाच्या रांगेत उभा होता, आणि गटावरचे ते चित्र त्यानेही पाहिले होते. आईला फोन लावावा तर आईचा मोबाईल खराब होऊ नये म्हणून पेटीत कुलूपबंद. टेम्पो दुसऱ्याच्या हवाली करून, मिळेल त्या गाडीने, वाटभर रडत तो दीड तासाने पोहोचला, गर्दीतून वाट काढीत आत शिरला, आणि ओट्यावर आई बसलेली पाहून तिच्या पायांशीच बसला.

"आई!"

"तू रं कसा आला? तुलाबी कळलं? आता तू तरी सांग, कोन गेलं!"

धनराजने खिशातून मोबाईल काढून आईपुढे धरला.

पुढचा प्रसंग निवृत्तीरावांनी आपल्या खिडकीतून पाहिला आणि त्यांना एकाच क्षणी सर्व उलगडा झाला. खिडकीतून ओटा स्पष्ट दिसत होता. मोबाईलच्या पडद्याकडे पाहणारा तो चेहरा आणि पडद्यातील चेहरा यांत फरक एका नाकाचाच होता. निवृत्तीरावांनी खिडकी लावून घेतली. परंतु घराला दारही असते.

"निवृत्ती!" भागीबाई दारात उभ्या होत्या. मागे धनराज, त्याच्या मागे कॉलनी. "मी सकाळपासून वाल निवडते हाय, आन् तू मला हार घालून मोकळा झालास? काय वाकडं केलं रं तुझं मी?"

"मावशी, गैरसमज झालेला आहे."

"काका, माझा टेम्पो लासलगावला पडलाय," धनराज हुंदका देत म्हणाला. त्याला अजून रडणे थांबवता येत नव्हते. "मी पिंपळगाव येईपर्यंत टक्कल करायचं ठरवूनसुद्धा टाकलं होतं."

निवृत्तीरावांनी सर्वांना आत घेतले आणि लॅपटॉप उघडून, एखाद्या न्यायालयात द्यावी तशी, साक्ष दिली. त्यांनी एकेक लेयर झाकून उघडून दाखविला. हे डोळे टँकरशेजारच्या बाईंचे. हे गाल मातीची पाटी उचलणाऱ्या बाईंचे. सुरकुत्या तिसरीच्या. हनुवटी तेजलची. "यात आपला एकही अवयव घेतलेला नाही, मावशी. आपण खात्री करून घ्यावी."

भागीबाई पडद्याला नाक लावून पाहू लागल्या. "आन् हे नाक?"

"आमच्या थोरल्या बंधूंचे."

"काढ ते. मला शोभत नाय."

निवृत्तीरावांनी नाक काढले.

"आता सांग," भागीबाई म्हणाल्या, "समदं दुसऱ्याचं हाय, तर मी कशी झाले?"

या प्रश्नाचे उत्तर निवृत्तीरावांजवळ नव्हते. रावजींजवळही नव्हते, ही त्या दिवसातील दुसरी आश्चर्याची गोष्ट. उत्तर दिले ललिताबाईंनी, तेही चहाचे आधण ठेवता ठेवता.

"अहो, अठरा वर्षं झाली. रोज सकाळी कप घेऊन त्या खिडकीत बसता. समोर कोण दिसतं?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. निवृत्तीरावांनी मान खाली घातली. बासष्ट वर्षांचा, दोन हातांचा नमस्कार एका हातातून करणारा कारागीर, सगळ्या कॉलनीसमोर हळू आवाजात म्हणाला, "मला आईचं तोंड आठवत नाही."

पुस्तकी भाषा त्यांना एरवी कधी सोडून जात नसे. आत्ता गेली.

भागीबाई खाली बसल्या. त्यांचा आवाज उतरला. "किती वर्षांची गेली?"

"बत्तीस."

"आन् तू तिला माझ्याएवढी म्हातारी केलीस?"

"मी बासष्टचा आहे, मावशी. आई माझ्याहून लहान कशी दाखवू?"

"वेडा रं तू. तिचं म्हातारपण ती चुकवून गेली, आन् तू मागून नेऊन दिलंस?" मग त्यांनी विचारले, "तोंड नाय, तर आठवतं काय?"

निवृत्तीरावांनी लॅपटॉप बाजूला सारला. मग बोलू लागले ते थांबेचनात. कामावर जाताना आई पुढे चाले आणि ते मागे. पायवाट अरुंद, त्यामुळे शेजारी चालता येत नसे. डोक्यावर पाटी, पाटीखाली चुंबळ, आणि त्या फडक्याचे एक टोक आई मुद्दाम सोडून ठेवी. ते वाऱ्यावर हले आणि निवृत्तीराव त्यावर नजर ठेवून चालत. डावा हात कमरेवर. लुगडे पोटऱ्यांपर्यंत खोचलेले. टाचांच्या भेगांत तांबडी माती. ती मागे वळून पाहत नसे, कारण पाटी पडेल, फक्त म्हणे, "येतोस ना रं?" आणि ते म्हणत, "येतोय." जाताना, येताना, वर्षभर. तोंड पाहायला मिळे ते मुक्कामाच्या झोपडीत पोहोचल्यावर, अंधारात, चुलीच्या धुरात.

"मग तुला तुझी आई पुरती ठाव हाय की," भागीबाई म्हणाल्या. "तू चुकीच्या बाजूनं बघत बसलास."

निवृत्तीरावांनी 'कात्रणे' हे फोल्डर उघडले. वरच शेळी होती. तिच्या खाली, चेहरे कापून घेताना दूर सारलेल्या, कोणाच्याच उपयोगाच्या नसलेल्या, पाठमोऱ्या बायका होत्या. साठसत्तर जणी, रांगेने माती वाहणाऱ्या. पुरुषमाणसे उगाच घड्याळ पाहू लागली. ललिताबाई चहा गाळायला विसरल्या. एकोणचाळिसाव्या कात्रणात एक स्त्री रांगेच्या शेवटी, इतरांपासून दोन पावले मागे राहून चालली होती. डावा हात कमरेवर होता. चुंबळीचे एक टोक सुटून मानेवर आले होते.

ती धोंडाबाईच होती असे निवृत्तीराव आजही कोणाला सांगत नाहीत. पुरावा नाही, आणि पुराव्याचे महत्त्व ते अर्जाच्या दिवसापासून जाणतात. चुंबळीची टोके अनेकींची सुटत असतील. परंतु त्या दिवशी त्यांनी माउस हातातून सोडला तो परत उचलला नाही. ते चित्र तेजलने पुढच्या रविवारी येऊन नाथा भोयांच्या छायाचित्राशेजारी जुळवून दिले.

रावजींनी आक्षेप घेतला तो घेतलाच. पाठमोऱ्या बाईला हार घालता येत नाही, शास्त्रात तशी सोय नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. फ्रेमवाल्या अश्विननेही काच बसवताना दोनदा विचारले, "साहेब, उलटी बाजू तर नाही ना दिली?" निवृत्तीराव म्हणाले, "हीच सुलटी."

अविधवा नवमीच्या सकाळी काळूदादा सुरगाण्याहून जीपने आले. सोबत नागलीचे पीठ आणि चित्रातल्या आपल्या नाकाविषयीची उत्सुकता आणली होती. भिंतीवर एकाच चौकटीत उजवीकडे नाथा भोये पाटीशिवाय समोर पाहत उभे होते, आणि डावीकडे उजाड माळावरून एक तरुण बाई डोक्यावर पाटी घेऊन दूर चालली होती. तिच्या मागची पायवाट तेजलने मोकळी ठेवली होती. तिथे काहीतरी घाल, असे रावजी म्हणाले होते. निवृत्तीरावांनी घालू दिले नाही.

काळूदादांनी नाक शोधले. सापडले नाही.  त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पाटावर न बसता तसेच उभे राहिले, आणि पुष्कळ वेळाने, डोंगरात फोनवर ओरडणारा तो मनुष्य अगदी हळू म्हणाला, "लय पुढं गेली रं."

ललिताबाईंनी नैवेद्य दाखविला. फळीवर त्यांनी तांदूळ पसरून सुपारीही मांडली. निवृत्तीरावांनी प्रश्नार्थक पाहिले तेव्हा म्हणाल्या, "असू द्या. इतकी वर्षं हिनंच सांभाळलं. एकदम कसं उठवायचं?"

दुसरे चित्र, सुरकुत्यांचे, वाया गेले नाही. भागीबाईंनी ते, मोकळ्या जागी स्वतःचे नाक बसवून घेऊन, मागून नेले. त्यांचाही तोवर एकही नीटसा फोटो नव्हता, आधार कार्डावरचा सोडून, आणि त्यात त्या चोरासारख्या दिसतात असे त्यांचे मत आहे. हार आणि समई मात्र त्यांनी तेजलला आपल्यासमोर बसवून काढायला लावली. "ते धनराजला देऊन ठेव. लागंल तवा लागंल." आता ते चित्र त्यांच्या ओट्यावरून आत पाहिले की समोरच दिसते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगतात, "डोळे सिन्नरचे हायेत. हनुवटी पुण्याची. बाकी मी."

निवृत्तीराव हल्ली सकाळचा चहा खिडकीत घेत नाहीत. कप घेऊन ते टीव्हीकडे तोंड करून उभे राहतात. टीव्ही बंद असतो. प्रथम ते चित्राच्या अगदी जवळ जात. मग काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आले की, जवळून नुसते ठिपके दिसतात. योग्य अंतर दोन पावलांचे आहे. तेवढे मागे सरून उभे राहिले म्हणजे पाय आपोआप मोकळ्या ठेवलेल्या त्या पायवाटेवर येतात, चुंबळीचे टोक नजरेच्या रेषेत येते, आणि चहा निवून जातो.

ललिताबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "येताय ना?"

"येतोय," निवृत्तीराव म्हणतात. आणि जागचे हलत नाहीत.